विश्लेषण : टीव्ही बंद, तरी मीटर चालू! ‘स्टँडबाय’ वीज जाते कुठे?

रिमोटने टीव्ही बंद केला, तरी सेट-टॉप बॉक्सचा लाल दिवा रात्रभर सुरूच असतो. मोबाइलचा चार्जरही बोर्डात तसाच. यात वीज किती जाते आणि ती वाचवायची कोणी, ग्राहकाने की कंपनीने?

युरोपचा नियम काय?
युरोपियन युनियनमध्ये ९ मे २०२५ पासून स्टँडबाय विजेचे सुधारित नियम लागू झाले. अनेक घरगुती उपकरणांना बंद असताना ०.५ वॉटची मर्यादा असून, मे २०२७ पासून ती ०.३ वॉट होईल. मोबाइल चार्जरला नुसते बोर्डात असताना ०.१ वॉटची मर्यादा २०२० पासूनच आहे.

काम नसताना वीज का लागते?
चार्जर आणि टीव्हीमध्ये ‘एसएमपीएस’ सर्किट असते. ते २३० व्होल्ट एसीचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करते आणि सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून हवा तो व्होल्टेज देते. लोड नसला, तरी त्यातील कंट्रोल चिप जागी असते. चिप सुरू करण्यासाठी जोडलेला १० लाख ओहमचा रेझिस्टर एकटाच ०.१ वॉट खातो, म्हणजे चार्जरची सगळी मर्यादा तिथेच संपते!

यावर उपाय काय?
चिप सुरू झाली की रेझिस्टरचा मार्ग तोडायचा. लोड नसताना सतत स्विचिंग न करता थांबून थांबून करायचे. याला ‘बर्स्ट मोड’ म्हणतात.

बिलावर किती परिणाम?
०.१ वॉटचा चार्जर वर्षभर बोर्डात राहिला, तरी एक युनिटही होत नाही. पण सेट-टॉप बॉक्स स्टँडबायवर १० वॉट घेत असेल आणि रोज १८ तास तसाच राहिला, तर वर्षाला सुमारे ६५ युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले, तर सव्वापाचशे रुपये. महिन्याचा वापर १०० युनिटच्या वर असेल, तर हे युनिट महागड्या टप्प्यात मोडतात.

तुम्ही काय कराल?
सेट-टॉप बॉक्स रात्री बोर्डावरूनच बंद करा. नवे उपकरण घेताना स्टारसोबत ‘स्टँडबाय पॉवर’चा आकडाही बघा. मात्र रोज बटण बंद करणे प्रत्येकाला जमत नाही. एक कोटी उपकरणांत प्रत्येकी एक वॉट डिझाइनमध्येच वाचला, तर १० मेगावॉटची मागणी दिवसरात्र कमी होते. म्हणूनच युरोपने ही जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे.