नातें दोहोंकडे, खूण एकीकडे

हल्लीं पुष्कळ घरांतून एखादा तरी मुलगा, मुलगी किंवा सून संगणकाचें प्रोग्रॅमिंग करून उदरनिर्वाह करीत असते. घरांतील वडील मंडळींस त्या कामाचें स्वरूप विचारण्याचा धीर होत नाहीं. आणि विचारलेंच, तर 'तुम्हांला नाहीं समजायचें' असें उत्तर येतें. आमच्या मतें हें उत्तर बरोबर नाहीं. या विद्येचा एक भाग तरी असा आहे कीं, ज्यानें विभक्तिप्रकरण मन लावून अभ्यासलें आहे त्यास तो परका वाटूं नये. तो भाग म्हणजे नोंदींचीं परस्परांशीं असलेलीं नातीं. आज तेवढ्याचाच विचार करूं.

अमेरिकेंत सॅन होजे येथें आय. बी. एम.च्या संशोधनशाळेंत काम करणारे मूळचे इंग्रज गणितज्ञ एडगर कॉड यांनीं १९७० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. तत्पूर्वीं माहिती कोठें व कोणत्या वाटेनें ठेवली आहे, हें प्रोग्रॅमला ठाऊक असावें लागे. मांडणी बदलली कीं प्रोग्रॅम बिघडे. कॉड यांनीं सुचविलें कीं, सर्व माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, आणि एका कोष्टकाचें दुसऱ्याशीं नातें आंतील नोंदींवरूनच ओळखावें. पुढें २००४ सालीं डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश गृहस्थांनीं 'रूबी ऑन रेल्स' नांवाची चौकट लोकांपुढें ठेवली. तींत हीं नातीं जवळजवळ बोलभाषेंतच लिहितां येतात. 'बिलाँग्स टू' म्हणजे 'अमक्याचा आहे'. 'हॅज मेनी' म्हणजे 'अमक्यास अनेक आहेत'.

घरच्या ग्रंथसंग्रहाचें उदाहरण घेऊं. एक कोष्टक ग्रंथकारांचें, दुसरें ग्रंथांचें. हरि नारायण आपटे यांच्या प्रत्येक कादंबरीपुढें त्यांचें नांव लिहीत बसलों, तर एकीकडे 'ह. ना. आपटे', दुसरीकडे 'हरिभाऊ' असें होऊन एकाच पुरुषाचे दोन होतात. म्हणून नांव एकदांच ग्रंथकारांच्या कोष्टकांत लिहावें, त्यास क्रमांक द्यावा, आणि प्रत्येक ग्रंथाच्या ओळींत तो क्रमांक मांडावा. उलट, ग्रंथकाराच्या ओळींत ग्रंथांचे क्रमांक कां नकोत? कारण कोणी दोन ग्रंथ लिहितो, कोणी चाळीस. तितकीं घरें आधींच कशीं आंखणार? ज्याच्या ओळींत दुसऱ्याचा क्रमांक, तिकडे 'बिलाँग्स टू', हा नियम लक्षांत ठेवला म्हणजे नवशिक्यांचा निम्मा घोटाळा मिटतो.

आमच्या वैयाकरणांनीं संबंध द्विष्ठ, म्हणजे दोहोंच्या ठायीं राहणारा, मानला आहे. 'रामाचें पुस्तक' यांत षष्ठीचा प्रत्यय एकालाच लागतो, परंतु नातें रामाचेंहि असतें आणि पुस्तकाचेंहि. येथेंहि तसेंच: क्रमांकाची खूण एकाच कोष्टकांत, पण नात्याचा उच्चार दोन्ही बाजूंनीं करावयाचा.

आतां हेंच पुस्तक शेजारी वाचावयास नेतात. एक पुस्तक अनेकांकडे जातें, एक वाचक अनेक पुस्तकें नेतो. येथें क्रमांक कोणाच्याच ओळींत मावत नाहीं. मग 'उसनवार' हें तिसरें कोष्टक करावें लागतें: पुस्तकाचा क्रमांक, वाचकाचा क्रमांक, नेल्याची तारीख. वाचक व पुस्तकें यांचें नातें या उसनवारीच्या द्वारें जुळतें. त्यास 'हॅज मेनी थ्रू' म्हणतात. नुसते दोन क्रमांक जोडणारा एक सोपा प्रकारहि आहे, पण त्याच्या प्रतिरूपांत तारखेची सोय नाहीं. जेथें नात्यालाच कांहीं इतिहास आहे, तेथें नात्यास स्वतंत्र अस्तित्व दिलें पाहिजे.

खरी कसोटी मात्र नोंद काढून टाकतांना लागते. वाचक गांव सोडून गेला; त्याचें नांव पुसावयाचें. मग त्याच्या उसनवारीचें काय? प्रोग्रॅमरनें 'डिस्ट्रॉय' लिहिलें असेल, तर त्या नोंदीहि वाचकाबरोबर नाहींशा होतील, आणि बाहेर गेलेलें पुस्तक कोणाकडे आहे हें पुन्हां कधींहि कळणार नाहीं. 'नलिफाय' लिहिलें, तर उसनवार राहील, पण नेणारा निनांवी होईल. 'रिस्ट्रिक्ट' लिहिलें, तर उसनवारीच्या नोंदी आहेत तोंवर नांव पुसूंच दिलें जाणार नाहीं. कांहींच लिहिलें नाहीं व कोष्टकांवरहि बंधन घातलें नाहीं, तर उसनवारींत असा क्रमांक उरेल कीं ज्याचा धनी कोठेंच नाहीं. २०१६ सालच्या पांचव्या आवृत्तीपासून रेल्स नवी नोंद करतांना तिचा धनी आहे ना, हें मूळच्या नियमानेंच पाहतें. पण धनी मागाहून पुसला गेला, तर तो नियम आड येत नाहीं.

हा एक शब्द निवडणें वरवर क्षुल्लक दिसतें. परंतु पुस्तकाच्या जागीं कर्जाची फेड, रुग्णाचें औषध किंवा विद्यार्थ्याचे गुण घालून पाहा, म्हणजे त्याचें वजन कळेल. आमच्या वंशावळींत गेलेल्या पुरुषाचें नांव कोणी खोडीत नाहीं. खोडलें तर खालचीं सारीं नांवें अधांतरीं लोंबतील. तो दिवंगत झाल्याची खूण करतात, आणि ओळ जागेवर ठेवतात. बहुतेक व्यवहारांत हीच रीत सुरक्षित होय.

तेव्हां वाचकहो, घरांतील प्रोग्रॅमर जेवणाच्या पानावर भेटला, कीं एवढेंच विचारा: 'तुझ्या कोष्टकांतली एक नोंद पुसली, तर तिच्या आधारानें राहणाऱ्या नोंदींचें काय होतें?' त्यास उत्तर ताबडतोब देतां आलें, तर त्याचें काम योग्य हातीं आहे असें समजावें. न आलें, तर प्रश्न वेळेवर विचारला गेला, हाहि लाभच.