वेळापत्रकात थांबण्याचाही एक तास हवा



आपल्या शाळेच्या वेळापत्रकावर एकदा नजर टाका. परिपाठ आहे, भाषा-गणिताचे तास आहेत, मधली सुट्टी आहे, कार्यानुभव आहे, खेळ आहे. आज वर्गात काय घडलं, कोण कुठे अडलं, याचा विचार शिक्षकाने कधी करायचा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. माझं म्हणणं असं, की हा वेळ चैनीचा नाही. तो शिकवण्याचाच भाग आहे. तो मिळाला नाही तर नुकसान मुलांचं होतं.

"मॅडम, पण वेळ आहे कुठे?" असं तुम्ही लगेच विचाराल. प्रश्न रास्त आहे. शिरूर-दौंडकडच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेचा दिवस डोळ्यांसमोर आणा. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, जेवलेल्या मुलांची संख्या भरायची. दाखल्यासाठी कुणीतरी दारात उभं असतं. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज येतो, "माहिती तात्काळ पाठवा." कुणाकडे मतदार यादीचंही काम असतं.

त्यात आपल्या भागाची आणखी एक गोष्ट आहे. रांजणगाव, शिक्रापूर, कुरकुंभच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं वर्षाच्या मध्येच दाखल होतात आणि मध्येच जातात. दौंडच्या ऊसपट्ट्यात तोडणीचा हंगाम सुरू झाला की कोप्यांवरची मुलं येतात. कुणाची घरची भाषा वेगळी, कुणाची दोन वर्षांत तीन गावं झालेली. अशा प्रत्येक मुलासाठी नव्याने विचार करावा लागतो. म्हणजे जिथे विचाराची गरज सगळ्यात जास्त, तिथेच त्याला वेळ सगळ्यात कमी.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत. त्यात शिकवण्याबरोबर तयारीचे तासही धरलेले आहेत. अशैक्षणिक कामांबद्दलच्या कलम २७ वर आपण सगळे बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण तयारीच्या या तासांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. विचार करणारा शिक्षक हा कामचुकार नाही, हे कायद्यानेच मान्य केलं आहे.

थांबल्याने नेमकं काय होतं, एक साधं उदाहरण देते. तिसरीतल्या एका मुलीच्या वहीत हातच्याच्या वजाबाक्या होत्या. ५२ वजा १७ बरोबर ४५. ६१ वजा २८ बरोबर ४७. ४३ वजा १९ बरोबर ३६. घाईत वही तपासली तर तीन फुल्या, आणि शेरा "सराव करा". पण पाच मिनिटं त्या वहीसमोर बसलं की दिसतं, मुलगी ठोकताळ्याने लिहीत नाहीये. ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे. दोनातून सात जात नाहीत ना, मग तिने सातातून दोन घालवले! तिचा स्वतःचा एक नियम आहे आणि तो ती इमानदारीने पाळते. तिला आणखी वीस गणितं दिली असती तर तीच चूक वीस वेळा पक्की झाली असती. दशकाचा एक गठ्ठा सोडून काड्या मोजायला दिल्यावर तिचं तिलाच उमगलं.

पाच मिनिटं बघितलं नसतं तर ती मुलगी "गणितात कच्ची" ठरली असती. एकदा असा शिक्का बसला की तो पुसायला वर्षं लागतात. म्हणून म्हणते, इथे प्रश्न शिक्षकाच्या आरामाचा नाही.

थांबणं वर्गात, शिकवतानासुद्धा हवं. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. कोपीवरून आलेल्या मुलाला मनातल्या मनात शब्द जुळवायला तेवढी उसंत मिळते. याला खर्च शून्य. जीआरचीही गरज नाही.

मग "टाचण आणि नोंदी कशासाठी आहेत?" हाही प्रश्न येईल. खरं तर त्या थांबून विचार करण्यासाठीच आहेत. २०१० साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यातल्या वर्णनात्मक नोंदींचा हेतू हाच होता, की शिक्षकाने मुलाकडे नीट बघावं. पण आज तयार नोंदींच्या पीडीएफ फिरतात. "वाचनात रुची घेतो" हे वाक्य चाळीस मुलांपुढे लिहून होतं. नोंद राहिली, बघणं गेलं. कागद तपासला जातो, त्यामागचा विचार कुणी विचारत नाही.

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगते.

१. शाळा सुटल्यावर, माहिती भरायला मोबाईल हातात घेण्याआधी, दहा मिनिटं रिकाम्या वर्गात बसा. आज कोण अडलं? का? उद्या काय बदलू? तीन ओळी पुरेत. त्या कुणाला दाखवायच्या नाहीत.

२. रोज सगळ्या मुलांचा विचार होत नाही. दिवसाला दोन मुलं ठरवा. महिन्याभरात वर्ग पूर्ण होतो.

३. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सूचना वाचून होतातच. त्यातला अर्धा तास एका मुलाची वही मध्ये ठेवून बोलायला द्या. जपानमध्ये शिक्षक एकमेकांचा पाठ बघून, मुलं कुठे अडली यावर एकत्र चर्चा करतात. ती परंपरा शंभरहून अधिक वर्षांची आहे.

४. मुख्याध्यापकांनी माहिती भरण्याची वेळ ठरवून द्यावी. "तात्काळ" म्हणजे तास सोडून, असं नसावं.

पालकांनाही एक विनंती. दाखला, आधार, शिष्यवृत्ती अशी कामं शक्यतो मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटताना घेऊन या. आणि घरी "आज किती पानं लिहिलीस?" याऐवजी "आज काय कळलं नाही?" असं विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. लागू द्या.

दहा मिनिटांनी रिक्त पदं भरत नाहीत की ऑनलाईन कामं कमी होत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. ती मागणी चालूच ठेवू. पण ती मान्य होईपर्यंत तिसरीतली मुलगी तिसरीत थांबून राहणार नाही. तिच्या वहीसमोरची पाच मिनिटं तिला आजच हवी आहेत.