उघडा राहिलेला डिबग मोड

संगणकप्रणाली लिहिली जात असताना तिचे अंतरंग उघडे दिसणे ही लिहिणाऱ्याची गरज असते आणि तीच प्रणाली लोकांच्या हाती गेल्यावर ते झाकलेले असणे ही वापरणाऱ्यांची. पहिल्या अवस्थेला सॉफ्टवेअर व्यवसायात ‘डेव्हलपमेंट’ आणि दुसरीला ‘प्रॉडक्शन’ म्हणतात. एकीतून दुसरीत जाताना बदलायची एखादी सेटिंग तशीच राहून गेली, तरी संकेतस्थळ सुरळीत चालते, पैसे जमा होतात, कोणाचीही तक्रार येत नाही, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

पायथॉन भाषेतील जँगो या लोकप्रिय चौकटीत अशी एक सेटिंग ‘डिबग’ नावाची आहे. ती चालू असताना प्रणालीत कोठे बिघाड झाला, तर साध्या क्षमायाचनेऐवजी एक लांबलचक पान उमटते, ज्यात बिघडलेल्या ओळीच्या आसपासचा कोड, त्या क्षणी स्मृतीत असलेल्या चलांची मूल्ये आणि सेटिंगची यादी असते. ज्या सेटिंगच्या नावात ‘पास’, ‘सीक्रेट’ किंवा ‘टोकन’ असे शब्द असतात, त्यांची मूल्ये जँगो ताऱ्यांनी झाकते. परंतु हे झाकणे केवळ नावावरून ठरते, आणि बिघाडाच्या क्षणी एखाद्या चलात ग्राहकाचा मोबाइल क्रमांक असेल, तर तो जसाच्या तसा परक्याच्या पडद्यावर जातो.

हा धोका आजचा नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेल्या वर्मने, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत यंत्रामागून यंत्रात शिरणाऱ्या प्रोग्रॅमने, ज्या वाटा वापरल्या त्यांपैकी एक होती टपाल पोहोचवणाऱ्या ‘सेंडमेल’मध्ये चाचणीसाठी ठेवलेली आणि वितरित प्रतींत चालूच राहिलेली डिबग आज्ञा; तिच्यामुळे पत्राच्या पत्त्याच्या जागी थेट आज्ञा लिहून ती समोरच्या यंत्रावर चालवता येत असे. पुढे २०१५ मध्ये पॅट्रिऑन या कंपनीने आपल्याकडील माहितीचोरी जाहीर केली, तेव्हा संकेतस्थळाची डिबग आवृत्ती सार्वजनिकरीत्या उघडी होती आणि त्या डेव्हलपमेंट सर्व्हरवर खऱ्या डेटाबेसची प्रत होती, असे तिनेच सांगितले. यातील दुसरी गोष्ट अधिक गंभीर मानली पाहिजे, कारण चाचणीच्या यंत्रावर ग्राहकांची खरी माहिती नसती, तर उघड्या दारातून नेण्यासारखे फारसे काही उरले नसते.

अशा वेळी प्रोग्रॅमरच्या विसराळूपणाला दोष देणे सोपे असते, पण ते न्याय्य नाही. जँगोचा नवा प्रकल्प तयार होतो तोच डिबग चालू ठेवून, आणि शेजारी सूचना असते ती केवळ एका टिपेची. डिबगचे मूल्य बाहेरून, म्हणजे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून, घेण्याची पद्धत चांगली असली तरी तिथून येणारे ‘फॉल्स’ हे अक्षरांच्या माळेच्या रूपात येते, आणि पायथॉनच्या दृष्टीने रिकामी नसलेली कोणतीही माळ ही ‘ट्रू’ ठरते. त्यामुळे डिबग बंद केल्याचे समाधान मिळते आणि तो चालूच राहतो. जँगोची ‘चेक’ आज्ञा ‘डिप्लॉय’ या पर्यायासह चालवली की अशा बहुतेक त्रुटी सापडतात, पण त्या इशारे म्हणून नोंदल्या जात असल्याने आज्ञा मुळात यशस्वी ठरते आणि नवी आवृत्ती चढवणारी स्वयंचलित साखळी हिरवा कंदील दाखवून पुढे जाते. इशाऱ्यालाही अपयश मानावे, असे ‘फेल-लेव्हल’ या पर्यायाने वेगळे सांगावे लागते, आणि ही तपासणी प्रॉडक्शनच्याच सेटिंग फाइलवर झाली नाही, तर तिला काही अर्थ राहत नाही.

याखेरीज प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर चालू संकेतस्थळावर अस्तित्वात नसलेला पत्ता मागून पाहावा. उत्तरात अंतर्गत पत्त्यांची यादी आली, तर डिबग चालू आहे. एवढी तपासणी यंत्राकडून करवून घ्यायला काही ओळींचा कोड पुरतो.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न योजणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून नगरपालिका, पतसंस्था आणि रुग्णालये बाहेरच्या कंत्राटदाराकडून प्रणाली करून घेतात, तेव्हा वरील दोन्ही तपासण्यांचा अहवाल मिळाल्याशिवाय त्यांनी शेवटचा हप्ता देऊ नये.