शहराचा क्रमांक नको, प्रभागांचे आकडे हवेत



शहरांचे जीवनमान मोजून त्यांची क्रमवारी लावण्याची पद्धत आता रूढ झाली असली, तरी शहरातील सर्वांत वंचित वस्तीची स्थिती ज्या मोजणीतून कळत नाही, त्या मोजणीवर धोरण आखणे नागरिकांच्या हिताचे नाही.

केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाच्या २०१८ च्या ‘ईज ऑफ लिव्हिंग’ निर्देशांकात, म्हणजे अनेक मोजमापांना ठरावीक भार देऊन काढलेल्या एकत्रित गुणांकात, १११ शहरांमध्ये पुणे पहिले ठरले. २०२० च्या आवृत्तीत दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत बंगळूरू पहिले आणि पुणे दुसरे आले. मात्र दरम्यान मोजपट्टीच बदलली होती. आधी भौतिक सुविधांना ४५ टक्के भार होता, तर नंतर नागरिकांच्या मतसर्वेक्षणालाच ३० टक्के भार देण्यात आला. त्यामुळे पुण्याची स्थिती खालावली की केवळ हिशेब बदलला, हे या दोन क्रमांकांवरून सांगता येत नाही.

याहून गंभीर दोष सरासरीचा आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. समान लोकसंख्येच्या दोन भागांपैकी एकास २०० आणि दुसऱ्यास ७० लिटर पाणी मिळाले, तरी सरासरी नेमकी १३५ येते आणि शहर उत्तीर्ण ठरते. दुसऱ्या भागातील कुटुंबांनी टँकरसाठी मोजलेले पैसे, पिंपे भरण्यासाठी केलेली जागरणे आणि त्यापायी बुडालेला रोजगार यांची नोंद कोठेच होत नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. तेथील अनेक वसाहती आजही टँकरवर अवलंबून असताना एकाच आकड्याने जुने आणि नवे पुणे मोजणे अन्यायाचे आहे.

यावर उपाय उपलब्ध आहेत. मानव विकास निर्देशांकात २०१० पासून आरोग्य, शिक्षण व उत्पन्न यांची साधी सरासरी न काढता तिन्ही गुणांकांच्या गुणाकाराचे घनमूळ काढले जाते, ज्यामुळे एका क्षेत्रातील उणीव दुसऱ्यातील सुबत्तेने सहजी झाकली जात नाही. त्याच वर्षी विषमतेनुसार गुण कमी करणारा स्वतंत्र निर्देशांकही सुरू झाला.

तुलनाच नसेल तर प्रशासनावर दबाव राहणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तुलना अवश्य व्हावी, पण ती प्रत्येक शहराच्या सर्वांत मागे राहिलेल्या प्रभागांची व्हावी. पाणी, मैलानिस्सारण, दवाखाने आणि सार्वजनिक वाहतूक यांची प्रभागनिहाय आकडेवारी महापालिकांनी दरवर्षी अंदाजपत्रकासोबत प्रसिद्ध करावी आणि केंद्राने भार बदलल्यास मागील निकाल नव्या पद्धतीने पुन्हा काढून दाखवावेत. असे झाले तरच निधी कोठे वळवायचा, याचे उत्तर या मोजणीतून मिळेल आणि आपल्या वाट्याला काय आले, हे नगरसेवकाला विचारण्याचा आधार नागरिकाच्या हाती येईल.

— एक वाचक, पुणे