तळ्याकाठी बसा, पण शिसे दाताने चावू नका

फेब्रुवारी सरला की माझ्या दवाखान्यात एका ठराविक प्रकारची गर्दी सुरू होते. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेले आईवडील. हातात जुनी चिठ्ठी, पिशवीत तपासण्यांचे कागद आणि एकच मागणी, "डॉक्टर, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या, तिकडे फार महाग पडतं म्हणतात." मी लिहून देतो. रक्तदाब, साखर, थायरॉइड, सगळ्याची तजवीज होते. तजवीज होत नाही ती तिथल्या रिकाम्या दुपारींची. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, रस्त्यावर चालणारे माणूस दिसत नाही आणि मोटार आपल्याला चालवता येत नाही. पहिला महिना नवलाईत जातो. पुढे झोप बिघडते, भूक मंदावते, आणि "परत कधी जायचं?" हा प्रश्न रोज जेवताना निघतो. तीन महिन्यांत परतलेली कितीतरी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांच्या तपासण्यांत काही दोष नसतो, चेहरा मात्र उतरलेला असतो.

अशा मंडळींना गेली काही वर्षे मी एक सल्ला देतो. ऐकून निम्मे हसतात आणि उरलेले रागावतात. तो सल्ला म्हणजे तिकडच्या तळ्यावर जाऊन बास नावाचा मासा गळाने धरायला शिका, आणि तोही संथ पद्धतीने.

हे मला सुचले एका पेशंटमुळे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ. सारी नोकरी धरणांवर गेली, पण गळ कधी हाती धरला नव्हता. मुलगा टेक्सासात डल्लासजवळ. तिथे तळी पुष्कळ आणि बहुतेक धरणांचीच, त्यामुळे यांना माहेरी आल्यासारखे झाले. त्यांनी परत आल्यावर तासभर मला जे समजावले त्यातून मी या विषयाकडे वळलो, आणि नंतर थोडे वाचलेही.

बास हा मासा आपल्या तळ्यांत नाही. स्वभावाने तो आपल्या मरळीसारखा. ओंडक्याखाली, पाणगवताच्या कडेला, धक्क्याच्या सावलीत दबा धरून बसायचे आणि समोरून बेडूक, लहान मासा, काहीही गेले की गिळायचे. तोंड एवढे मोठे की उघडले की पाण्यासकट भक्ष्य आत ओढले जाते. गिळलेले खोटे वाटले तर क्षणात थुंकूनही टाकतो. अमेरिकेत याच्या शिकारीचे वेड किती आहे याची आपल्याला कल्पना येणार नाही. डल्लासच्या पूर्वेला लेक फोर्क नावाचे धरणाचे तळे आहे. तिथे १९९२ च्या जानेवारीत सव्वाआठ किलोचा बास मिळाला आणि तो टेक्सासचा विक्रम ठरला. जागतिक विक्रम त्याहून मोठा, १० किलोच्या आसपासचा. १९३२ साली जॉर्जियात मिळालेल्या माशाचा हा विक्रम २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात गाठला गेला.

हा मासा धरण्याच्या दोन तऱ्हा. एक जोराची. जड काठी, चकाकणारे आमिष, लांब फेक, भराभर रीळ गुंडाळायचे आणि पुन्हा फेकायचे. दिवसभरात शेकडो फेका, बहुधा वेगवान मोटारबोटीतून. साठीपुढच्या खांद्याला हे झेपत नाही, आणि मधुमेही माणसाचा खांदा आधीच आखडलेला असतो. ही तऱ्हा तरुणांनी खुशाल करावी.

दुसरी तऱ्हा संथ. तिला तिकडे 'फिनेस' म्हणतात. काठी हलकी. तंगूस बारीक, जेमतेम तीन-साडेतीन किलो ओढ पेलणारा. आमिष म्हणून बोटाएवढे मऊ प्लास्टिकचे गांडूळ आणि वजन तीन-चार ग्रॅमचे. एका प्रकारात हे वजन तंगुसाच्या अगदी टोकाला बांधतात आणि गळ त्याच्या वर हातभर अंतरावर. वजन तळाला टेकते, गांडूळ पाण्यात अधांतरी राहते. मग काठीचे टोक अगदी किंचित थरथरवायचे, थांबायचे, पुन्हा थरथरवायचे. दुसऱ्या प्रकारात अळंबीच्या आकाराचे छोटे वजन गळालाच जोडलेले असते. ते तळाशी बसते आणि गांडुळाची शेपटी वर उभी राहून हलत असते. कॅन्ससच्या नेड केहडे यांच्या नावाने हा प्रकार 'नेड रिग' म्हणून ओळखला जातो. तो वापरताना हाताने जवळजवळ काहीच करायचे नसते.

हे चालते का, तर माशाच्या शरीरधर्मामुळे. मासा थंड रक्ताचा. पाणी १० अंशांच्या आसपास उतरले की त्याचे पचन मंदावते, भूक कमी होते आणि पळत्या भक्ष्यामागे शक्ती घालवायला तो तयार नसतो. नाकासमोर अलगद हलणारा घास मात्र त्याच्याने सोडवत नाही. ज्या तळ्यावर रोज माणसांची वर्दळ असते तिथले मासेही चमकत्या आमिषाला बुजलेले असतात, तिथेही संथ गळच कामाला येतो. मासा लागला की हिसका बसेलच असे नाही. तंगूस नुसता तिरका सरकतो, किंवा ढिला पडतो. त्यावर नजर ठेवावी लागते. आमच्या गृहस्थांचा उजवा हात वयोमानाने जरा कापतो. टेक्सासच्या बासला तो कंप फारच पसंत पडला म्हणे! (हात कापत असेल तर कारण तपासून घ्यावे, माशांच्या भरवशावर राहू नये.)

यातून रक्तदाब उतरतो असा दावा मी करणार नाही. गोळी चालूच ठेवायची. पण सकाळी दोन तास उघड्यावर बसणे, मासे लागेनात म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाने उठून काठाने पुढच्या जागेवर चालत जाणे, गाठी बांधताना बोटे राबवणे, आणि कशावर तरी मन लागून राहणे, एवढे तर नक्की घडते. दुपारी खुर्चीत पेंगणाऱ्या माणसाला रात्री झोप कशी लागणार? आणि एक गोष्ट मला औषधापेक्षा मोलाची वाटते. नातवाला मराठी अर्धवट कळते, आजोबांचे इंग्रजी कचेरीतले. घरात दोघांची गाडी "कसा आहेस" पुढे जात नाही. तळ्यावर फार बोलावे लागत नाही. आमच्या गृहस्थांना गाठ बांधायला शिकवली ती नऊ वर्षांच्या नातवाने. आजोबा घरातले पाहुणे राहिले नाहीत, शिष्य झाले. त्या वर्षी ते पूर्ण सहा महिने राहून आले.

"डॉक्टर, हे परदेशी थेर आम्हाला कशाला?" असे एकांनी विचारले. थेर परदेशी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने १२ व्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात 'मत्स्यविनोद' असे प्रकरणच आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचे खाद्य, गळाची काठी आणि दोरी, सगळे त्यात आहे.

आता माझ्या धंद्याच्या गोष्टी.

लहान वजने पुष्कळदा शिशाची असतात. चिरलेल्या वाटाण्याएवढी शिशाची गोळी तंगुसावर ठेवून दाताने चावून बसवायची, ही खोड तिकडे आहे आणि आपल्याकडेही आहे. ती अजिबात नको. शिसे पोटात जाते, हाडांत साठते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. नातू आजोबांकडे बघूनच शिकणार आहे. चिमटा वापरा, हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका. याहून बरे म्हणजे टंगस्टनचे वजन घ्या. महाग असते, पण मुलाला तेवढा खर्च करू द्या. ब्रिटनने राजहंस मरू लागल्यामुळे १९८७ सालीच अशा लहान शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर, मेन अशा काही राज्यांत त्यांच्यावर निर्बंध आहेत.

दुसरी गोष्ट ताटातली. बास मोठा, म्हातारा आणि शिकारी मासा. लहान माशांच्या अंगातला पारा त्याच्या अंगात वर्षानुवर्षे साठत जातो. जपानच्या मिनामाता गावात १९५६ साली उघडकीला आलेला मज्जारोग याच जातीच्या पाऱ्याचा, तिथे तो कारखान्याच्या सांडपाण्यातून आला होता. तळ्यातले प्रमाण अर्थातच त्या मानाने फार थोडे असते. पण हा पारा तळून जात नाही, उकळून जात नाही, कातडी काढून जात नाही, तो मांसातच असतो. कॅलिफोर्नियात, जिथे १९ व्या शतकात सोने काढण्यासाठी पारा बेसुमार वापरला गेला, तिथल्या धरणांतला बास तरुण स्त्रियांनी आणि मुलांनी खाऊ नये असा सरकारी सल्ला आहे. बहुतेक आईवडील तिकडे जातात ते सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी, म्हणून हे मुद्दाम लिहितो. "आजोबांनी धरलेला ताजा मासा" गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला प्रेमाने वाढू नका. प्रत्येक राज्य आपापल्या तळ्यांची माहिती जाहीर करते. मुलाला ती आधी पाहायला सांगा.

मासा धरून सोडून देण्याची चाल तिकडे आहे. माळकरी मंडळींना ती सोयीची वाटेल. माझे मत जरा वेगळे आहे. नुसत्या मौजेखातर दिवसाला वीस मासे टोचून सोडणे मला रुचत नाही. दोन-तीन झाले की काठी मिटावी. सोडायचाच असेल तर हात ओले करून धरा, पाण्याबाहेर फोटोसाठी ताटकळत ठेवू नका आणि आकडा नसलेला गळ वापरा.

तो बिनआकड्याचा गळ माणसाच्याही सोयीचा. आकड्याचा गळ बोटात रुतला तर उलटा ओढू नये, मांस फाटते. तंगूस कापून दवाखान्यात जावे. डोळ्याजवळ लागला तर हातही न लावता वर कागदी पेला झाकून थेट रुग्णालय. निघण्यापूर्वी धनुर्वाताची लस झाली आहे ना ते पाहून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मुलाला सांगून ठेवा. मधुमेह्यांनी अनवाणी पाण्यात उतरू नये. तळ्याच्या पाण्यातल्या जंतूंनी साधी चीर दोन दिवसांत चिघळते. आणि खिशात साखरेच्या पुड्या हव्यात, कारण मासा लागायच्या नादात जेवणाची वेळ टळते, गोळीने उतरवलेली साखर मात्र थांबत नाही.

ईशान्येकडच्या राज्यांत गवतातल्या गोचिडींपासून लाइम नावाचा आजार होतो. घरी आल्यावर पायांपासून काखेपर्यंत अंग तपासा. गोचीड साधारण दिवसभराच्या आत काढली तर धोका बराच कमी. पुढे कातडीवर पसरत जाणारे लाल चकंदळ दिसले तर गरम हळद लावत बसू नका, औषध आहे, लगेच घ्या. होडीत बसलात तर जीवरक्षक जाकीट अंगात हवे, बाकावर नव्हे. वसंतातही तिथले पाणी बर्फासारखे असते. एकदम पडल्यावर माणूस जोराने श्वास ओढतो आणि पोहणाऱ्याच्याही छातीत पाणी जाते.

आणखी एक. हा सल्ला मी "आईवडिलांना" देतो, पण तळ्यावर जातात फक्त वडील. आई स्वयंपाकघरात पुरणपोळ्या करून फ्रीजरमध्ये भरत असते. सहा महिन्यांनी पाय सुजून, गुडघे धरून माझ्याकडे येते ती तीच. संथ गळाला ताकद लागत नाही. निवडणे-टिपणे आयुष्यभर केलेल्या हाताला तंगुसाची हालचाल आधी कळेल असे मला वाटते. घडीच्या दोन खुर्च्या घ्या.

मासेमारीचा परवाना पाहुण्यांनाही लागतो. प्रत्येक राज्याचे नियम आणि शुल्क वेगळे, मुलाने घरबसल्या काढून द्यावा. रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा इथूनच न्या. गोळ्यांची चिठ्ठी मी औषधांच्या मूळ नावांनी लिहून देतो, तिची एक प्रत त्याच सदऱ्याच्या खिशात ठेवा.