गोळीची रेघ
आदिलाबादला बहिणीकडे गेलो की भाचा मोबाइलवर विमानांची लढाई लावून बसलेला असतो. गोळ्या सुटतात त्या सरळ, लखलखत्या लाल रेघांसारख्या. खरी ट्रेसर गोळी म्हणजे रेघ नव्हे, ठिपका! बुडाशी भरलेलं मॅग्नेशियम-स्ट्रॉन्शियमचं मिश्रण पेटतं म्हणून ती लाल दिसते, आणि अशी गोळी चार-पाचांत एखादीच असते. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहिली, तरी सेकंदाला 800 मीटर जाणारी गोळी तेवढ्यात 16 मीटर सरकते. अंधारात फुलझडी फिरवावी तशी रेघ उमटते. तोफा चालताना विमानाबरोबर कॅमेराही थरथरतो, म्हणून खऱ्या फिल्मवर ती वेडीवाकडी येते. खेळातली सफाई मला त्यामुळेच खटकते. भाच्याला मी 22 नोव्हेंबर 1971 च्या बोयऱ्याच्या चकमकीतली, आपल्या नॅट विमानांच्या गन कॅमेऱ्याची चित्रं दाखवली. धूसर, करडी, मधोमध पाकिस्तानी सेबर विमान. तो गप्प झाला. मग म्हणाला, “मामा, आतला माणूस वाचला का?” वाचला. त्या चकमकीत पाडलेल्या सेबर विमानांतले दोघे वैमानिक पॅराशूटनं उतरले, युद्धकैदी झाले. त्यांतले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले.