पासबुक कुणाच्या हातात?



श्रावकाची बारा व्रते आपण लहानपणापासून ऐकत आलो. सत्य अणुव्रत म्हटले की ‘खोटे बोलायचे नाही’ एवढेच आठवते. पण तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यातला एक आहे न्यासापहार. कुणी आपल्याकडे ठेव ठेवली, नेमका आकडा विसरला आणि कमीच मागू लागला. तेव्हा ‘हो, एवढेच होते’ म्हणून उरलेले ठेवून घेणे, हा तो दोष. गंमत अशी की यात माणूस तोंडाने काही मोठे खोटे बोलतही नाही. समोरच्याकडे कागद नसतो, एवढाच त्याचा फायदा घेतो.

याचे मोठे उदाहरण दुसऱ्या महायुद्धात सापडते. तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता. १९४३ मध्ये प्याँगयांगमध्ये जाहिरात आली. ओसाकाच्या पोलाद कारखान्यात दोन वर्षे काम शिका, मग कोरियातच कारागीर म्हणून नोकरी मिळेल. गरीब घरची तरुण मुले गेली. तिथे भट्टीजवळचे जड, धोक्याचे काम. हातात महिन्याला फक्त दोन-तीन येन. बाकीचा पगार त्यांच्याच नावाच्या खात्यात, पण त्यांना न विचारता; आणि पासबुक व शिक्का वसतिगृहाच्या व्यवस्थापकाकडे. कारण काय दिले? पूर्ण पगार हातात दिला तर ही मुले उधळतील!

१९४४ मध्ये त्यांना सक्तीच्या कामगारांत धरले आणि ते दोन-तीन येनही बंद झाले. पुढच्या वर्षी त्यांना कोरियातल्या छोंगजिनला हलवले. तिथे त्यांनी पासबुक मागितले, ते शेवटपर्यंत मिळाले नाही. आधी जपानच्या, मग स्वतःच्या देशाच्या कोर्टात ते लढले. १९६५ च्या दोन देशांमधल्या करारात हा हिशेब मिटला, असे जपानचे म्हणणे. ३० ऑक्टोबर २०१८ ला कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चौघा कामगारांना प्रत्येकी १० कोटी वॉन देण्याचा निकाल निप्पॉन स्टीलविरुद्ध दिला. तेव्हा त्या चौघांतला एकच जण हयात होता.

मुलींचेही तेच झाले. १९४४ मध्ये तेरा-चौदा वर्षांच्या कोरियन मुलींना, शिकायला मिळेल असे सांगून नागोयाच्या विमान कारखान्यात नेले. तिथे त्यांच्या नावावर पेन्शनची नोंद होती. म्हाताऱ्या झाल्यावर त्यांनी ती रक्कम मागितली. बरीच वर्षे झगडल्यावर २००९ मध्ये सरकारने नोंद मान्य केली आणि प्रत्येकीला दिले ९९ येन! तेव्हाचे आपले साधारण पन्नास रुपये. आकडा जुन्या कागदाप्रमाणे बरोबर असेलही. पण पासष्ट वर्षांनी तेवढेच हातावर ठेवणे याला ठेव परत करणे म्हणायचे का?

आता जरा आपल्या स्वयंपाकघराकडे या. ‘मावशी, तुमचे पैसे माझ्याकडेच राहू देत, घरी नेले तर नवरा दारूत घालवेल. लागतील तसे घ्या.’ हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येते. त्यामागे माया असते, यात शंका नाही. युद्धातल्या कारखान्याशी आपल्या घराची बरोबरी मी मुळीच करत नाही. आपली मावशी काम सोडून जाऊ शकते, ती मुले जाऊ शकत नव्हती. पण ‘उधळतील’ हे कारण मात्र तेच आहे. आणि हिशेब एकाच वहीत, तीही आपल्या कपाटात, हेही तेच आहे. उचल किती, खाडे किती, शिल्लक किती, हे सगळे आपल्या शब्दावर. आपण उद्या आजारी पडलो आणि सुनेला काही माहीत नसले, तर मावशींनी दाखवायचे काय?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ज्याचे कष्ट, त्याच्या हातात त्याचा कागद. आपल्या मनात खोट नसणे पुरेसे नाही. खोट करताच येणार नाही अशी व्यवस्था असावी. दोन वह्या करा, एक त्यांच्याकडे. लिहिता-वाचता येत नसेल तर त्यांच्या मुलीसमोर आकडे लिहा. बँकेत खाते उघडून द्या आणि पासबुक त्यांनाच द्या. आपल्या राज्यात घरकामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ झाले आहे. तिथे नाव नोंदवायला काम देणाऱ्याचा दाखला लागतो. तो मागितला की ‘कशाला ही भानगड’ म्हणू नका, सही करा. दुकानातल्या नोकरांसाठीही घरच्या पुरुषांना हेच विचारा: पगाराची पावती देता का?

दिवाळीला महावीर निर्वाणाच्या दिवशी कितीतरी घरांत वहीपूजन होते. नव्या वहीवर कुंकू लावण्याआधी जुन्या वहीतली मावशींची शिल्लक मोजून त्यांच्या हातात द्या. ‘एवढेच होते’ असे म्हणायची वेळच येऊ देऊ नका.